भरू नये अशी जखम

मराठीत डोळ्यांच्या दोन विकारांची नावे सख्ख्या भावंडांसारखी आहेत : मोतीबिंदू आणि काचबिंदू. दोन्हींचे उत्तरपद एकच, आणि पूर्वपदे मोती व काच अशी, एकाच पेटीतून काढल्यासारखी. या नामसाधर्म्यामुळे सर्वसाधारण मराठी माणसाच्या मनात दोन्ही विकारांचे एकच चित्र उभे राहते : डोळ्यात काहीतरी ठिपका येतो, तो हळूहळू पिकतो, आणि पिकला की काढून टाकता येतो. पहिल्या विकाराच्या बाबतीत हे चित्र पुष्कळ अंशी खरे आहे. दुसऱ्याच्या बाबतीत ते साफ खोटे आहे, आणि या खोट्यापायी डोळे जातात. काचबिंदूत बिंदू नाही आणि काचही नाही. पिकण्यासारखे काही नाही आणि काढून टाकण्यासारखेही काही नाही.

औषधांनी आणि नेहमीच्या शस्त्रक्रियांनी न आवरणाऱ्या काचबिंदूत डोळ्यामध्ये एक बारीक नळी बसवतात. त्या नळीचा इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी अशा विषयाकडे का वळावे, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, या इतिहासात एका शब्दाचा गोंधळ गुंतलेला आहे, त्याचे एक पान भायखळ्याच्या एका रुग्णालयाशी निगडित आहे, आणि वाचणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे अशा माणसांना तो माहीत नसावा हे बरे नव्हे.

प्रथम शब्दाकडे वळू. आयुर्वेदाच्या ग्रंथांत 'काच' हा नेत्ररोग येतो, पण तो आजचा काचबिंदू नव्हे. तिमिर, काच आणि लिंगनाश या दृष्टी मंदावत जाण्याच्या चढत्या पायऱ्या होत. शेवटच्या पायरीवरील कफज लिंगनाशावर सुश्रुताने सांगितलेली शलाकेची शस्त्रक्रिया म्हणजे मोतीबिंदू सुईने मागे लोटण्याची क्रिया, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे मुळातला 'काच' हा मोतीबिंदूच्याच घरातला. आज आपण ज्याला काचबिंदू म्हणतो, त्याच्या तीव्र प्रकाराशी जुळणारे वर्णन सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 'अधिमंथ' या नावाखाली सापडते : डोळा घुसळला जात आहे अशी वेदना, आणि तीही अर्ध्या मस्तकात पसरणारी. मंथ म्हणजे घुसळणे. रोगाच्या अनुभवाशी इतके प्रामाणिक असलेले हे नाव आयुर्वेदाच्या पाठ्यपुस्तकांतच राहिले, आणि व्यवहारात मोतीबिंदूचा नामबंधू रूढ झाला.

ग्रीकांची स्थिती याहून फारशी वेगळी नव्हती. 'ग्लाउकोस' म्हणजे निळसर-हिरवट किंवा करडी झाक. हिपोक्रेटिसच्या नावावरील सूत्रांत वार्धक्यातील तक्रारींमध्ये 'ग्लाउकोसिस' येतो. तेथेही दृष्टी कमी होऊन बाहुलीचा रंग पालटणे एवढाच अर्थ असावा. पुढे कित्येक शतके मोतीबिंदू आणि ग्लॉकोमा एकमेकांत मिसळलेले होते. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण तयार केले. त्यानंतर डोळ्याच्या मागील भिंतीवरील दृक्‌चेतेचे मुख पाहता येऊ लागले आणि या रोगात ते खोलगट होते हे ध्यानात आले. रोग एका जागी, नाव दुसऱ्या जागी, हा प्रकार केवळ मराठीचा नाही, हे यावरून दिसेल.

रोगाचे स्वरूप थोडक्यात असे. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात एक स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो. हे अश्रू नव्हेत. अश्रू डोळ्याच्या बाहेर असतात, हे नेत्रजल आत असते. त्याची निर्मिती मिनिटाला साधारण दोन ते अडीच मायक्रोलिटर, म्हणजे एक टपोरा थेंब भरायला वीसेक मिनिटे लागावीत इतकी अल्प. बाहुलीतून पुढे येऊन हे जल पारपटल आणि परितारिका यांच्यामधील कोपऱ्यातल्या जाळीतून निचरून रक्तात मिसळते. निर्मिती आणि निचरा यांचा मेळ असला की डोळ्यातील दाब बहुधा १० ते २१ मिलिमीटर पाऱ्याइतका राहतो. निचरा अडला की दाब चढतो, आणि त्याचा भार मागील दृक्‌चेतेवर पडतो. या चेतेत दहा-बारा लाख तंतू असतात. ते एकेक करून मरतात, बहुतेक वेळा न दुखता मरतात, आणि मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. दृष्टीच्या कडा प्रथम जातात, मधला भाग शेवटी. म्हणून रोगी समोरचा फलक वाचत असतो आणि त्याच वेळी आंधळा होत असतो. काही डोळ्यांत तर दाब 'सामान्य' आकड्यांत असूनही हे घडते. परंतु उपाय म्हणून माणसाच्या हाती दाब उतरवणे एवढेच आजवर लागलेले आहे.

शस्त्रक्रियेचा आधुनिक आरंभ १८५७ मध्ये धरतात. बर्लिनच्या आल्ब्रेख्त फोन ग्रेफने परितारिकेचा एक तुकडा कापून काढल्यास तीव्र काचबिंदूचा झटका शमतो असे दाखवून दिले. परंतु संथपणे चालणाऱ्या जुनाट काचबिंदूत हा उपाय वारंवार निष्फळ ठरे. तेथे वेगळाच विचार हवा होता : बंद पडलेली वाट उघडण्याच्या खटपटीऐवजी नवी वाट पाडणे.

या विचाराच्या आरंभकाळात मुंबईचे नाव येते. भायखळ्याच्या जमशेटजी जीजीभाई रुग्णालयाच्या परिसरात १८६० च्या दशकात सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून नेत्ररुग्णालय उभे राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी या रुग्णालयात, आणि त्याला लागून असलेल्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रवैद्यकाचे प्राध्यापक म्हणून, हर्बर्ट हर्बर्ट हे भारतीय वैद्यक सेवेतील अधिकारी काम करीत होते. खुपरीच्या रोगात पारपटलाच्या कडेला जे खळगे उरतात, त्यांना नेत्रवैद्यकाचे विद्यार्थी आजही 'हर्बर्टचे खळगे' म्हणून ओळखतात, ते हेच हर्बर्ट. १९०३ मध्ये ब्रिटनच्या नेत्रवैद्यक मंडळाच्या कार्यवृत्तात त्यांचा एक निबंध छापून आला. जुनाट काचबिंदूवर उपाय म्हणून डोळ्याच्या पांढऱ्यावरील पातळ आवरणाखाली कायमची गळती निर्माण करावी, असा त्याचा आशय होता. हर्बर्टने त्यासाठी जो शब्द योजला त्याचे मराठी रूप नाडीव्रण किंवा नासूर असे होईल. ज्या गोष्टीचे नाव घेतल्यावर सर्जन हात झटकतो, तीच गोष्ट येथे सर्जनाने हेतुपूर्वक घडवायची होती. इंग्लंडला परतल्यावरही हर्बर्टने हा विषय सोडला नाही; काचबिंदूवरील शस्त्रक्रियांवर त्याचा स्वतंत्र ग्रंथ १९२३ मध्ये निघाला.

सहाच वर्षांनी, १९०९ मध्ये, मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयात रॉबर्ट हेन्री एलियटने पारपटल आणि श्वेतपटल यांच्या सीमेवर गोल छिद्र पाडण्याची पद्धत सुरू केली, आणि ती दीर्घकाळ जगभर वापरली गेली. हा एलियट गृहस्थ आमच्या वाचकांच्या कुतूहलाचा ठरावा. गावोगाव फिरणारे वैद्य सुईने मोतीबिंदू मागे लोटत, त्यांच्या हातून बिघडलेल्या डोळ्यांचा त्याने बारकाईने अभ्यास करून त्यावर पुस्तक लिहिले. त्या बिघाडांत काचबिंदूचाही वाटा होता. दोन बिंदूंचे नाते जुळते ते असे, एकाच्या अडाणी उपचारातून दुसरा उद्भवतो तेव्हा. पुढे लंडनमध्ये याच एलियटने जादूगारांच्या मंडळाच्या समितीचा प्रमुख म्हणून भारतीय दोरखंडाची जादू खरोखर करून दाखवणाऱ्यास ५०० गिनींचे बक्षीस जाहीर केले होते. ते कोणालाही मिळाले नाही. असो.

हर्बर्ट काय, एलियट काय, किंवा त्यांचे युरोपातील समकालीन काय, सर्वांपुढे अडचण एकच होती. पाडलेली वाट बुजत असे. शरीराला ती वाट म्हणजे जखम वाटे, आणि जखम भरून काढणे हा शरीराचा धर्म. येथे आपल्या भाषेतील एक मोठा आशीर्वादच उलटा फिरतो. जखम भरून येणे यासारखे दुसरे सुखद क्रियापद मराठीत क्वचितच असेल; दुःखाविषयी, वियोगाविषयी, इतिहासातील अन्यायांविषयी आपण तेच वापरतो. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत मात्र जखम भरली की शस्त्रक्रिया फसली. तरुण रोग्याचे शरीर जितके जोमदार, तितका धोका अधिक. डोळा पूर्वी सुजलेला असेल, त्याच्यावर आधी शस्त्रक्रिया झालेली असेल, मधुमेहाने त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या असतील, तर व्रणाची ऊती अधिकच वेगाने वाढते. आटोक्यात न येणारा काचबिंदू म्हणतात तो प्रायः असल्याच डोळ्यांचा.

वाट बुजू नये म्हणून तीत काहीतरी घालून ठेवावे, ही कल्पना नवी नव्हे. लहान मुलाचे कान टोचल्यावर छिद्र बुजू नये म्हणून घरची वडीलधारी माणसे त्यात दोरा ओवून ठेवतात, नाहीतर कडुनिंबाची काडी घालतात. नाडीव्रणात आणि भगंदरात ओवायचे क्षारसूत्र सुश्रुताने सांगितले, आणि ते आजही वापरात आहे. फ्रान्समध्ये रोले आणि मोरो यांनी १९०६ मध्ये डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात साठलेला पू काढण्यासाठी घोड्याचा केस ओवून पाहिला, आणि पुढच्याच वर्षी वाढलेला दाब व वेदना यांसाठी तोच उपाय केला. १९१२ मध्ये इंग्लंडच्या झोरॅबने रेशमाचा धागा वापरला. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत सोने, प्लॅटिनम, टँटलम, पॉलिथीन, सिलिकोन अशा नाना पदार्थांचे धागे आणि नळ्या डोळ्यांत गेल्या. काही दिवस पाणी झिरपे. नंतर धाग्याच्या बाहेरच्या टोकाशी व्रणाची गाठ बसे आणि सर्व पूर्ववत होई. कधी धागा आवरण फाडून बाहेर येई, कधी त्याच्या वाटेने जंतू आत जात.

या अपयशाच्या काळातील एक रोगी साहित्याच्या अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. १९१७ च्या ऑगस्टमध्ये झुरिचच्या बानहोफश्ट्रासे या रस्त्यावर जेम्स जॉइसला काचबिंदूचा झटका आला, आणि लवकरच त्याच्या उजव्या डोळ्याच्या परितारिकेचा तुकडा काढण्यात आला. म्हणजे ग्रेफची साठ वर्षांपूर्वीचीच शस्त्रक्रिया. जॉइसचा काचबिंदू मूळचा नव्हता. परितारिकेला वारंवार येणाऱ्या सुजेतून तो उद्भवलेला होता. पुढील आयुष्यात त्याच्या डोळ्यांवर एकामागून एक शस्त्रक्रिया होत राहिल्या. 'युलिसिस' १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा, आणि पुढे 'फिनेगन्स वेक' लिहिताना, अक्षर मोठे करून, भिंगे लावून, इतरांकडून वाचून घेऊन त्याचे काम चाले. सुजेतून आलेला काचबिंदू हा आज ज्यांत नळी बसवण्याचा विचार होतो त्या प्रकारांपैकी एक आहे. जॉइसच्या हयातीत तो विचार घोड्याच्या केसाच्या आणि रेशमाच्या धाग्याच्या पुढे फारसा गेलेला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर दोन गोष्टी बदलल्या. १९४९ मध्ये लंडनच्या हॅरल्ड रिडलीने मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात ॲक्रिलिकचे भिंग बसवले. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेल्या विमानाच्या छताच्या ॲक्रिलिक कपच्या डोळा निमूटपणे सहन करतो, असे त्याला आढळले होते. परका पदार्थ डोळ्यात कायमचा नांदू शकतो, हे त्यामुळे सिद्ध झाले. दुसरी गोष्ट १९६८ मधील. केंब्रिजच्या केर्न्सने श्वेतपटलाची झाकणी राखून तिच्याखाली निचऱ्याची वाट करण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. हीच ट्रॅबेक्युलेक्टमी; आजही काचबिंदूवरील शस्त्रक्रियांत ती मुख्य मानली जाते. पुढे जखम भरू नये म्हणून तिच्यासोबत मायटोमायसिन हे कर्करोगावरील औषध अल्पकाळ लावण्याची रीत पडली. जखमेला भरू न देण्यासाठी पेशींची वाढ खुंटवणारे औषध लावावे लागते, यावरून शरीराचा हट्ट किती चिवट असतो याची कल्पना यावी.

तरीही काही डोळे उरतच. त्यांच्यासाठीचा निर्णायक विचार १९६९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील अँथनी मोल्टेनो या सर्जनाने मांडला. तोवर सर्वांचे लक्ष नळीच्या भोकावर होते. मोल्टेनोने ते नळीच्या बाहेरच्या टोकाकडे वळवले. नळी उघडी असून भागत नाही, बाहेर आलेले पाणी मुरायला जागा लागते, ही त्याची दृष्टी. हे मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्यांना फार समजावून सांगावे लागू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी नाले होते, गटारे होती. पण भरतीचा समुद्र पाणी घेत नव्हता आणि मिठी नदीच्या काठची मुरायची जागा आपण बुजवून ठेवली होती. पाणी वाहून नेणे आणि पाणी सामावून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोल्टेनोने नळीच्या बाहेरच्या टोकाला एक गोल चकती जोडली. शरीर या चकतीभोवतीही व्रणाचे वेष्टन तयार करतेच. पण चकतीमुळे त्या वेष्टनाच्या आत पोकळी राहते, आणि तिच्या विस्तृत भिंतीतून पाणी झिरपत आसपासच्या ऊतींत शोषले जाते. शरीराचा जखम भरण्याचा हट्ट मोडून काढण्याऐवजी त्याला एका चौकटीत बसवले, असे याचे वर्णन करता येईल. आरंभी ही चकती पारपटलाच्या कडेजवळच असे. सत्तरच्या दशकात त्याने नळी लांब केली आणि चकती डोळ्याच्या गोलावर बरीच मागे, पापणीआड नेली. मोल्टेनो पुढे न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरी स्थायिक झाला. त्यानंतर आलेल्या सर्व नळ्या त्याच्याच मूळ कल्पनेच्या शाखा आहेत.

आज ही शस्त्रक्रिया साधारणपणे अशी होते. डोळ्याच्या वरच्या-बाहेरच्या भागात पांढऱ्यावरील आवरण उघडतात. पारपटलाच्या कडेपासून ८ ते १० मिलिमीटर मागे चकती श्वेतपटलाला टाक्यांनी बांधतात. सिलिकोनची नळी, जिची बाहेरची जाडी सुमारे ०.६ मिलिमीटर आणि आतले भोक त्याच्या निम्मे, सुईने केलेल्या वाटेतून पुढच्या कप्प्यात शिरवतात. नळी आवरणाला घासून उघडी पडू नये म्हणून तिच्यावर ठिगळ घालतात. हे ठिगळ पुष्कळदा नेत्रदानातून मिळालेल्या डोळ्याच्या श्वेतपटलाचे असते. नेत्रदान म्हटले की आपल्याला पारपटल तेवढे आठवते. पण त्याच डोळ्याचा पांढरा भाग जपून ठेवला तर तो दुसऱ्या कोणाच्या नळीचे पांघरूण होतो. दात्याच्या घरच्यांना हे कळावे इतके ते मोलाचे आहे.

मोल्टेनोच्या नळीत एक धोका होता. चकतीभोवती वेष्टन तयार व्हायला काही आठवडे लागतात. तोवर नळीतून पाणी मोकाट वाहिले तर दाब एकदम कोसळून डोळा मऊ पडतो आणि आतली पटले सुटू शकतात. यावर दोन तोडगे निघाले. एक, नळीला विरघळणाऱ्या दोऱ्याची गाठ मारून ती पाच-सहा आठवडे बंद ठेवणे. तोवर वेष्टन घडते, मग गाठ आपोआप विरते. १९९० च्या सुमारास आलेली जॉर्ज बेअरवेल्ट यांची नळी या पद्धतीची; तिच्या मोठ्या चकतीचे क्षेत्रफळ ३५० चौरस मिलिमीटर. दुसरा तोडगा झडपेचा. १९७६ मध्ये क्रुपिनने चिरेच्या झडपेची नळी केली, आणि १९९३ मध्ये अमेरिकेत अब्दुल मतीन अहमद यांची नळी उपयोगात आली. तिच्यात सिलिकोनच्या दोन पातळ पडद्यांची झडप असून आतला दाब साधारण ८ मिलिमीटरच्या वर गेला तरच ती उघडावी अशी योजना आहे. झडपेची नळी पहिल्या दिवसापासून काम करते, म्हणून दाब अतोनात चढलेल्या डोळ्यात ती सोयीची. मोठ्या चकतीची नळी उशिरा उघडते, पण दीर्घकाळात दाब अधिक खाली ठेवते. निर्दोष कोणतीही नाही. नळी उघडी पडते, पारपटलाला टेकून ते धुरकट होते, एकाची दोन दिसू लागतात, वेष्टन जाड होऊन दाब पुन्हा चढतो. या सर्व शक्यता रोग्याला आधी सांगाव्या लागतात.

दीर्घकाळ नळी हा शेवटचा उपाय मानला जाई. सर्व हरल्यावर, पुष्कळदा दृष्टी गेल्यावर. या समजुतीला धक्का देणारा अभ्यास अमेरिका आणि इंग्लंडमधील १७ केंद्रांवर झाला. पूर्वी मोतीबिंदूची किंवा काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या २१२ रोग्यांपैकी काहींना बेअरवेल्टची नळी बसवली, काहींवर मायटोमायसिनसह ट्रॅबेक्युलेक्टमी केली. २०१२ मध्ये पाच वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : नळीचे अपयश २९.८ टक्के, ट्रॅबेक्युलेक्टमीचे ४६.९ टक्के. यावरून नळी सर्वांनाच बसवावी असे ठरत नाही; पण एक शस्त्रक्रिया फसलेल्या डोळ्यात डोळा संपण्याची वाट न पाहता नळीचा विचार आधी करावा, असे मत बळावले. त्याच वेळी हेही ध्यानात ठेवावे की, उत्तम गणल्या जाणाऱ्या उपायातही दहांतील तीन डोळ्यांत पाच वर्षांत अपयश येते.

भारतातील प्रश्न याच्याही अलीकडचा होता, किमतीचा. परदेशी नळी ही सामान्य कुटुंबाला झेपणारी वस्तू नव्हती. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये मदुराईला ११ खाटांवर अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केले होते. त्याच परिवारातील ऑरोलॅब ही संस्था १९९२ पासून मोतीबिंदूनंतर बसवायची भिंगे स्वस्तात तयार करू लागली, आणि भिंगाची शस्त्रक्रिया गोरगरिबांच्या आवाक्यात आली. २०१३ मध्ये तिनेच बेअरवेल्टच्या घडणीवर, ३५० चौरस मिलिमीटर चकतीची नळी परदेशी नळीच्या किमतीच्या लहानशा अंशात बाजारात आणली. हर्बर्टपासून एलियटपर्यंत ज्या देशात गोरे अधिकारी देशी डोळ्यांवर प्रयोग करीत होते, त्या देशाने शंभर वर्षांनी उपकरणही स्वतः घडवले, असा या घटनेचा अर्थ लावता येईल. पण ज्याच्या घरात ती नळी पोचली त्याच्या दृष्टीने तिची किंमत हाच सर्वांत महत्त्वाचा अर्थ होय.

आणि तरीही नळीपर्यंत पोचतात ते थोडेच. भारतात चाळिशीपुढील सुमारे १ कोटी १२ लाख माणसांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० मध्ये मांडला गेला. आणि लोकसंख्येच्या पाहण्यांतून वारंवार असे दिसले आहे की, रोग असलेल्यांपैकी बहुसंख्यांना तो असल्याचे ठाऊकच नसते. आम्ही अंधेरी-बोरिवली आणि घाटकोपर-मुलुंड या दोन लोहमार्गांवरच्या महाविद्यालयांत शिकवणारी माणसे. शहराची जुनी मोठी रुग्णालये भायखळा-परळ-शीव या पट्ट्यात राहिली, आणि माणसे उत्तरेकडे सरकत गेली. पोट दुखले, हाड मोडले, तर माणूस गर्दीची गाडी पकडून तिकडे जातो. न दुखणाऱ्या डोळ्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा कोण टाकतो?

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी टाकली नाही. मुद्रिते तपासताना ओळीचे शेवटचे शब्द निसटू लागले, जिन्याची कडा कळेनाशी झाली, तेव्हा त्यांनी स्वतःच निदान केले : मोतीबिंदू असणार, पिकला की काढू. दोन वर्षे ते पिकण्याची वाट पाहत राहिले. पहिली शस्त्रक्रिया तीन वर्षांत बुजली, मग नळी बसली. पट्टी निघाल्यावर त्यांनी डॉक्टरांना विचारले, 'आता दिसू लागेल ना?' डॉक्टर म्हणाले, 'सर, आहे ते राहील.' मराठीचे प्राध्यापक असलेल्या त्या गृहस्थांना या दोन क्रियापदांतील अंतर पचवायला फार दिवस लागले. दिसू लागणे हे मोतीबिंदूचे क्रियापद, राहणे हे काचबिंदूचे. भाषेने दोन्ही रोगांना एकच कुळ दिल्यामुळे माणूस एकाच्या आशेने दुसऱ्याच्या दारात उभा राहतो.

शब्द बदलावा असा आमचा आग्रह नाही. रूढ झालेला शब्द ठरावाने बदलत नाही, आणि अधिमंथ हे नाव कितीही नेमके असले तरी ते आता बाजारात चालणार नाही. शिवाय ते न दुखणाऱ्या काचबिंदूला लागूही पडत नाही. परंतु शब्दाचा अर्थ शिकवणे हे तर आमचेच काम आहे. काचबिंदू पिकत नाही. तो काढता येत नाही. गेलेली दृष्टी थेंबांनी, शस्त्रक्रियेने किंवा नळीने परत येत नाही; उरलेली राखता येते, आणि ती जितकी अधिक उरलेली असताना माणूस दारात जाईल तितके राखण्याजोगे अधिक. आई-वडिलांना किंवा भावंडांना हा रोग असेल, मधुमेह असेल, दम्यासाठी वा त्वचेसाठी स्टिरॉइडे दीर्घकाळ घेतली असतील, चाळिशी उलटली असेल, तर चष्म्याचा नंबर काढण्यावर न भागवता डोळ्यातील दाब मोजून घ्यावा आणि बाहुली मोठी करून मागची चेता पाहून घ्यावी. ही तपासणी काही मिनिटांची असते.

हर्बर्टने १९०३ मध्ये जखम उघडी ठेवण्याचा विचार मांडला, त्याला आता सव्वाशे वर्षे होत आली. घोड्याच्या केसापासून मदुराईच्या सिलिकोनपर्यंत आलेल्या या इतिहासाला उघडी वाट राखता आली, पण उशीर भरून काढता आला नाही. तेवढे काम वर्गात, घरात आणि शिक्षकांच्या खोलीत, एका शब्दाचा खरा अर्थ सांगून करता येण्यासारखे आहे.